जगवणे आणि घडवणे : हीट शॉक प्रथिने व हृदयाच्या पुनर्निर्मितीचा शोध

प्रौढ माणसाच्या हृदयाला रक्त पुरवणारी एखादी धमनी बंद पडली, की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू काही तासांत मरू लागतो आणि त्या जागी नवा स्नायू न येता आकुंचन न पावणाऱ्या तंतूंचा व्रण तयार होतो. डाव्या जवनिकेत, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्यात, सुमारे २ ते ४ अब्ज स्नायूपेशी असतात आणि हृदयविकाराच्या एका मोठ्या झटक्यात त्यांतील १ अब्जापर्यंत पेशी नष्ट होऊ शकतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हानीसंबंधी दोन प्रश्न विचारले जाऊ लागले : मरू घातलेली पेशी वाचवता येईल का, आणि मेलेल्या पेशीच्या जागी नवी पेशी उगवेल का. हे प्रश्न आज एकाच वाक्यात मांडता येतात, पण कितीतरी काळ ते वेगवेगळ्या संशोधकांचे होते आणि एकाच्या उत्तराचा दुसऱ्याशी काही संबंध असेल, असे कोणाला वाटत नव्हते. पहिल्या प्रश्नाचा माग काढत मागे गेले, तर आपण नेपल्समधील एका प्रयोगशाळेत पोहोचतो, जिथे हृदयाचा विषयही निघालेला नव्हता.

आद्रियानो बुझ्झाती-त्राव्हेर्सो यांनी नेपल्समध्ये उभारलेल्या आनुवंशशास्त्र व जैवभौतिकी संस्थेत १९६०च्या सुमारास फेरुच्चो रितोसा हा तरुण संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासत होता. या ग्रंथींच्या पेशींत गुणसूत्रांच्या प्रती पुन्हा पुन्हा बनतात, परंतु पेशी विभागली जात नसल्याने त्या सर्व प्रती एकमेकींना चिकटून राहतात आणि गुणसूत्र इतके जाड होते की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यावरचे आडवे पट्टे मोजता येतात. ज्या पट्ट्यातील जनुक कामाला लागते, तो पट्टा सैल होऊन फुगतो, त्यामुळे जनुकाचे काम डोळ्यांनी पाहण्याची त्या काळातली ही जवळजवळ एकमेव सोय होती. एका सहकाऱ्याने माश्यांच्या उबवणी पेटीचे तापमान नकळत वाढवले आणि रितोसाला नेहमीचे फुगवटे मावळलेले व भलत्याच ठिकाणी नवे उभे राहिलेले दिसले. बिघडलेला नमुना म्हणून ते काचपट्ट टाकून देणे सोपे होते. त्याने तसे न करता तापमान मुद्दाम वाढवून पाहिले आणि काही मिनिटांतच तेच फुगवटे पुन्हा उमटतात, याची खात्री करून घेतली.

त्याने पुढे केलेला प्रयोग या शोधाइतकाच महत्त्वाचा होता. डायनायट्रोफिनॉल हे रसायन पेशीतील ऊर्जानिर्मिती विस्कळीत करते. ते ग्रंथींना दिल्यावर उष्णता न देताही तेच फुगवटे आले आणि नंतर सोडियम सॅलिसिलेटनेही तोच परिणाम साधला. याचा अर्थ असा, की पेशी तापमापकातील आकड्याला उत्तर देत नसून आपल्या अंतर्गत व्यवहारात झालेल्या बिघाडाला उत्तर देत होती आणि उष्णता हे त्या बिघाडाचे एक कारण होते. रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयपेशीत सर्वांत आधी ऊर्जानिर्मितीच कोसळते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढच्या तीस वर्षांचे बीज या दुसऱ्या प्रयोगात होते, असे म्हणता येते. ते त्या वेळी दिसणे शक्य नव्हते. एका नामांकित नियतकालिकाने जीवशास्त्रीय महत्त्व नसल्याचे सांगून हा लेख नाकारला, असे रितोसाने पुढे लिहून ठेवले आहे. अखेर १९६२ साली तो ‘एक्स्पेरिएन्शिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नकार देणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण एका विशिष्ट माशीच्या एका विशिष्ट ग्रंथीतील या घटनेचा इतर सजीवांशी संबंध आहे, याचा पुरावा कोणाकडेच नव्हता.

पुढील बारा वर्षे हा विषय फळमाशीच्या अभ्यासकांच्या लहानशा वर्तुळात राहिला. या वर्तुळात भारतही होता, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. कलकत्त्यात सुभाषचंद्र लाखोटिया व ए. एस. मुखर्जी यांनी १९७० साली दाखवले, की बेंझामाइड हे रसायन दिल्यावर उष्णतेने फुलणाऱ्या अनेक फुगवट्यांपैकी ९३डी नावाचा एकच फुगवटा उभा राहतो. लाखोटिया यांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात अनेक दशके याच जनुकाचा पाठपुरावा केला आणि ते प्रथिन बनवतच नाही, त्याचा आरएनए स्वतःच पेशीत काम करतो, हे उलगडत गेले. प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएला आज जी प्रतिष्ठा आहे, ती त्या काळी नव्हती.

१९७४ साली दोन लेख प्रसिद्ध झाले. जिनिव्हाचे आल्फ्रेद तिसिएर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाहुणे म्हणून आले असताना त्यांनी हर्शेल मिचेल व उर्सुला ट्रेसी यांच्यासह किरणोत्सारी अमिनो आम्ले वापरून तापवलेल्या ग्रंथींत नव्याने तयार होणारी प्रथिने वेगळी केली. नेहमीच्या प्रथिनांचे उत्पादन मंदावून मोजकीच नवी प्रथिने झपाट्याने बनू लागतात आणि त्यांत ७० किलोडाल्टन वजनाच्या प्रथिनाचे प्रमाण सर्वाधिक असते, असे त्यांना आढळले. गुणसूत्रावरच्या फुगवट्यांमागचे पदार्थ आता हाती लागले होते. त्यांना हीट शॉक प्रथिने असे नाव मिळाले आणि प्रत्येकाला त्याच्या वजनाचा आकडा चिकटला, जसे एचएसपी-७०, एचएसपी-९०, एचएसपी-६०. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा विद्यापीठातून ओबरप्रिलर दांपत्याने न्यूट या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या हृदयाविषयी लेख लिहिला. जवनिकेचे टोक कापल्यावर जखमेभोवतीच्या प्रौढ स्नायूपेशी डीएनएची नवी प्रत तयार करतात आणि विभागू लागतात, असे त्यांनी नोंदवले. लेनिनग्राडमधील रुम्यान्त्सेव्ह यांनी बेडकाच्या हृदयात अशीच लक्षणे पाहिली होती. प्रौढ हृदयपेशीने विभाजनाला कायमचा निरोप दिलेला असतो, या पाठ्यपुस्तकी विधानाला तडा देणारी ही निरीक्षणे होती. पण ती सस्तन प्राण्यांची नव्हती आणि हृदयरोगतज्ज्ञांनी ती बाजूला ठेवली. कॅलिफोर्नियातील लेख आणि डकोटातील लेख यांचे वाचकही वेगळे होते.

हीट शॉक प्रथिनांचा विस्तार मात्र वेगाने झाला. १९७८-७९च्या सुमारास ती जिवाणूंत, यीस्टमध्ये आणि कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत सापडली आणि उत्क्रांतीच्या एवढ्या मोठ्या अंतरावरच्या सजीवांत त्यांची रचना आश्चर्यकारकरीत्या सारखी निघाली. जे इतक्या प्रदीर्घ काळात बदललेले नाही, ते जगण्यासाठी अनिवार्य असले पाहिजे, हा तर्क सरळ होता. पण ती नेमके काय करतात, हे कळण्यास आणखी दहा वर्षे लागली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी असते आणि ती ठरावीक घडीत दुमडल्यावरच कामाची होते. योग्य घडीची माहिती साखळीतच असते, हे ख्रिश्चन अँफिन्सेन यांनी परीक्षानळीत सिद्ध केले होते व त्यासाठी त्यांना १९७२चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पेशीच्या आतील दाटीत मात्र अर्धवट दुमडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून निरुपयोगी गोळे बनण्याचा धोका सतत असतो आणि उष्णतेने तो अनेक पटींनी वाढतो. केंब्रिजमधील ह्यू पेलहॅम यांनी १९८६ साली असे सुचवले, की हीट शॉक प्रथिने या उघड्या पडलेल्या चिकट भागांना धरतात, गोळे सुटे करतात आणि साखळीला पुन्हा दुमडण्याची संधी देतात. रॉन लास्की यांनी १९७८ साली एका वेगळ्याच प्रथिनासाठी वापरलेली ‘मॉलिक्युलर शॅपरोन’ ही संज्ञा जॉन एलिस यांनी या सर्व मदतनीस प्रथिनांना लागू केली. १९८९ साली आर्थर हॉर्विच व फ्रान्झ-उल्रिख हार्टल यांनी यीस्टच्या एका उत्परिवर्तित वाणावरून दाखवले, की एचएसपी-६० नसेल तर तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जानिर्मिती करणाऱ्या अंगकात, बाहेरून आलेली प्रथिने कार्यक्षम रूपात जुळत नाहीत. एचएसपी-६०चा जिवाणूंतील भाऊबंद सात-सात उपघटकांच्या दोन कड्यांनी बनलेल्या पोकळ पिंपासारखा असतो आणि साखळी त्या पोकळीत इतरांपासून सुरक्षित राहून दुमडली जाते. तंतुकणिका आणि एचएसपी-६० यांचे हे नाते पुढे हृदयाच्या कथेत परत येणार आहे.

हृदयाकडे हा विषय कॅनडातून वळला. आर. विल्यम करी व फ्रेड व्हाइट यांनी १९८१ साली ‘सायन्स’मध्ये लिहिले, की उंदराच्या ऊतींना इजा झाली तरी त्यांत हीट शॉक प्रथिनासारखेच प्रथिन तयार होते. हृदयपेशी आयुष्यभर अखंड आकुंचन पावते, तिची झीज सतत भरून काढावी लागते आणि तिची जागा घेणारे कोणी जवळपास नसते. त्यामुळे प्रथिनांची देखभाल हा तिच्यासाठी अस्तित्वाचाच प्रश्न असतो. १९८८ साली करी यांच्या गटाने उंदरांच्या शरीराचे तापमान १५ मिनिटे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत नेले, त्यांना २४ तास सावरू दिले, नंतर हृदय बाहेर काढून त्याचा रक्तपुरवठा तोडला व पुन्हा सुरू केला. आदल्या दिवशी तापवलेल्या उंदरांच्या हृदयांनी आकुंचनाची शक्ती अधिक चांगली परत मिळवली. याच सुमारास, १९८६ साली, ड्यूक विद्यापीठातील चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज व कीथ रायमर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले होते, की रक्तपुरवठ्यात थोडा थोडा वेळ खंड पाडून हृदयाला आधी ‘सवय’ लावली, तर नंतरच्या दीर्घ खंडात मरणारा स्नायू बराच कमी होतो. थोडा ताण पुढच्या मोठ्या ताणासाठी तयारी करून घेतो, हा विचार आता दोन बाजूंनी पुढे आला होता. यांपैकी मरी हे नाव पुढे आणखी तीन वळणांवर भेटते.

करी यांच्या प्रयोगावर एक रास्त आक्षेप होता. तापवलेल्या हृदयात एचएसपी-७० वाढते तसे कॅटॅलेजसारखे घातक ऑक्सिजन-संयुगांचा नाश करणारे विकरही वाढते आणि हे करी यांच्याच गटाने प्रामाणिकपणे नोंदवले होते. मग संरक्षणाचे श्रेय नेमके कोणाचे, हे कसे ठरवायचे? त्यावर एकच उपाय होता, तो म्हणजे उष्णता पूर्णपणे वगळून फक्त ते प्रथिन वाढवणे. १९९५ साली एकाच नियतकालिकात दोन गटांचे लेख आले. सॅन दिएगोतील मार्बर, मेस्त्रिल, डिलमन व सहकाऱ्यांनी मोठ्या उंदराचे (रॅटचे) एचएसपी-७० जनुक घरउंदरांत घालून त्यांच्या हृदयात ते कायम चालू ठेवले, तर प्लुमिए, करी व त्यांच्या ग्रीक सहकाऱ्यांनी मानवी जनुक वापरले. दोन्ही ठिकाणी न तापवताही हृदय सुरक्षित राहिले आणि सॅन दिएगोच्या उंदरांत मृत भाग सुमारे ४० टक्क्यांनी लहान झाला. सहसंबंधाकडून कारणाकडे जाण्याचा हा टप्पा घाईने साधला नसता. त्यासाठी जनुक बदललेल्या उंदरांचे तंत्र परिपक्व व्हावे लागले आणि या क्षेत्राने तोवर थांबण्याची तयारी दाखवली, ही बाब मोलाची आहे.

तरीही रुग्णाला याचा फायदा झाला नाही आणि त्याचे कारण कालगणनेत आहे. एचएसपी-७० झटका येण्यापूर्वी पेशीत हजर असावे लागते, ते बनण्यास तास लागतात आणि काही दिवसांत ते ओसरते, तर हृदयविकाराचा झटका पूर्वसूचना देऊन येत नाही. जपानमध्ये जठराच्या व्रणावर वापरल्या जाणाऱ्या एका औषधाने उंदराच्या हृदयात हे प्रथिन वाढते, असे २००१ साली आढळले. पण योग्य क्षण कोणता हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. पेशी वाचवण्याचा मार्ग येथे अडला आणि अनेकांचे लक्ष नव्या पेशी घडवण्याकडे गेले.

या वळणावर जे घडले ते क्लेशकारक आहे. २००१ साली ‘नेचर’मध्ये ओर्लिक, पिएरो आन्व्हेर्सा व सहकाऱ्यांचा लेख आला, की अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजे अनेक प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या आद्य पेशी, मृत हृदयभागात सोडल्यास त्या नवा स्नायू बनवतात. काही महिन्यांत रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. २००४ साली त्याच नियतकालिकात सिएटलचे चार्ल्स मरी व सहकारी आणि स्टॅनफर्डचा गट यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की अशा पेशी हृदयस्नायू होत नाहीत. प्रौढ हृदयात सी-किट नावाची खूण असलेल्या स्वतःच्या मूलपेशी असतात, हा २००३चा दुसरा दावाही २०१४ साली पेशींचा वंश जनुकीय खुणेने शोधणाऱ्या प्रयोगात टिकला नाही. त्यांच्यापासून बनणाऱ्या स्नायूपेशींची संख्या नगण्य निघाली. आन्व्हेर्सा यांची प्रयोगशाळा नंतर ज्या रुग्णालयात होती, त्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाने व त्याच्या मातृसंस्थेने २०१७ साली अमेरिकी सरकारशी १ कोटी डॉलरची तडजोड केली आणि २०१८ साली हार्वर्ड वैद्यकीय विद्यालय व हेच रुग्णालय यांनी त्या प्रयोगशाळेचे ३१ लेख मागे घेण्याची शिफारस केली, कारण त्यांतील माहिती खोटी वा बनावट होती. या दीड दशकात ज्या रुग्णांनी आशेने आपले हृदय चाचणीसाठी दिले, त्यांचा हिशेब या तडजोडीत मांडता येत नाही.

खरी प्रगती त्याच काळात एका लहान माशाच्या हृदयात चालू होती. झेब्राफिश हा गंगेच्या खोऱ्यातील मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले होते. त्याला प्रयोगशाळेत आणण्याचे श्रेय अमेरिकेतील ऑरेगनच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांचे. बॉस्टनमध्ये मार्क कीटिंग यांच्या प्रयोगशाळेत केनेथ पॉस यांनी या माशाच्या जवनिकेचा सुमारे २० टक्के भाग कापला. आधी रक्ताची गुठळी आली, तिची जागा फायब्रिनने घेतली आणि दोन महिन्यांत तेथे कायमचा व्रण न राहता आकुंचन पावणारा स्नायू उभा राहिला. हा लेख २००२ साली आला. पेशीविभाजनासाठी आवश्यक असलेले एमपीएस-१ हे जनुक बिघडलेल्या माशांत मात्र व्रणच राहिला. पुनर्निर्मिती व व्रण या दोन पर्यायी वाटा आहेत आणि एका जनुकाच्या बिघाडाने मासा सस्तन प्राण्याच्या वाटेला लागू शकतो, असा तो निष्कर्ष होता.

त्याच प्रयोगशाळेत दोन्ही प्रवाह एकत्र आले. कीटिंग यांचा गट रसायनाच्या साहाय्याने माशांत यादृच्छिक उत्परिवर्तने घडवून तुटलेला पर पुन्हा न वाढणारे मासे शोधत होता. अशा शोधात एक अडचण असते : पुनर्निर्मितीला लागणारी बहुतेक जनुके भ्रूणाच्या वाढीलाही लागतात, त्यामुळे ती बिघडली तर मासा मोठाच होत नाही. म्हणून शोध असा आखला होता, की प्रथिन नेहमीच्या तापमानाला काम करील आणि पाणी ३३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर निकामी होईल. सापडलेल्या एका वाणात कापलेल्या परावर ब्लास्टेमा तयारच होत नव्हता. ब्लास्टेमा म्हणजे जखमेच्या टोकाशी जमणारा, पुढच्या सर्व वाढीला पेशी पुरवणारा समूह. म्हणून या वाणाला ‘नो ब्लास्टेमा’ असे नाव दिले गेले. या माशांचे हृदयही पुन्हा घडत नव्हते. गुणसूत्रावर नेमका दोष शोधल्यावर २००५ साली शिंजी माकिनो, कीटिंग व सहकाऱ्यांनी जे जाहीर केले ते अनपेक्षित होते : बिघडलेले जनुक एचएसपी-६०चे होते. त्याच्या साखळीतील ३२४ व्या स्थानी व्हॅलिनऐवजी ग्लुटामेट आल्याने ते विस्कटलेल्या प्रथिनांना धरण्यात व पुन्हा दुमडण्यात कमी पडत होते. ब्लास्टेमा बनत असताना या प्रथिनाचे प्रमाण निरोगी माशात वाढते, आणि ते नसेल तर त्याच पेशींच्या तंतुकणिका बिघडून पेशी मरतात.

या निष्कर्षाचे वजन समजून घेतले पाहिजे. हीट शॉक प्रथिन पेशी वाचवते, हे १९९५ पर्यंत सिद्ध झाले होते; नवी पेशी घडवण्याची यंत्रणा वेगळी असावी, वाढीच्या संकेतांची आणि विभाजनाच्या जनुकांची असावी, असे गृहीत होते. माशाने दाखवले, की जखमेशी जमलेल्या पेशीला प्रथिने नव्याने भराभर बनवावी लागतात, तंतुकणिकांवर ताण येतो आणि त्या ताणाखाली ती टिकली नाही तर विभाजनाची वेळच येत नाही. टिकून राहणे हा पुनर्निर्मितीचा पहिला टप्पा ठरला. १९८९ साली यीस्टच्या तंतुकणिकेत कळलेली एचएसपी-६०ची भूमिका सोळा वर्षांनी माशाच्या हृदयाला आणि पराला लागू झाली.

हीट शॉक जनुकाचा आणखी एक उपयोग या क्षेत्राने केला आणि तो कदाचित सर्वांत अधिक वापरला गेला. एचएसपी-७०च्या जनुकाला चालू करणारा डीएनएचा भाग वेगळा काढून हव्या त्या जनुकापुढे जोडला, तर २८ अंशांच्या पाण्यात शांत असलेले ते जनुक पाणी ३८ अंशांपर्यंत नेताच कामाला लागते. २००६ साली पॉस यांच्या गटाने याच कळीने वाढीच्या एका संकेताचा ग्राहक जखम झाल्यानंतर बंद पाडला आणि हृदयाबाहेरच्या आवरणाचा पुनर्निर्मितीतील वाटा उलगडला. २०१० साली कीकुची व पॉस आणि जॉप्लिंग व सहकारी यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले, की नवा स्नायू अज्ञात मूलपेशींकडून न येता आधीच असलेल्या स्नायूपेशींतून येतो. त्या आपली आकुंचनाची रचना काही अंशी सोडतात आणि विभागतात. १९७४चे ओबरप्रिलर यांचे निरीक्षण छत्तीस वर्षांनी वंशशोधाच्या पुराव्यासह उभे राहिले. महाराष्ट्रातही या माशावर असे काम चालते : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत चिन्मय पात्र यांच्या गटाने २०२१ साली दाखवले, की जखमेनंतर स्रवणारे सीसीएन-२ए हे प्रथिन झेब्राफिशच्या हृदयाच्या पुनर्निर्मितीला चालना देते.

माणसाच्या हृदयात नव्या पेशी बनतात का, याचे उत्तर अण्वस्त्रांमुळे मिळाले. वातावरणातील अणुचाचण्यांनी कार्बन-१४चे प्रमाण वाढले होते आणि १९६३च्या अणुचाचणीबंदी करारानंतर ते घटत गेले. पेशी जन्मते तेव्हाचे प्रमाण तिच्या डीएनएत नोंदले जाते. स्टॉकहोममधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ साली या नोंदीवरून काढले, की वयाच्या २५व्या वर्षी दरवर्षी सुमारे १ टक्का हृदयस्नायूपेशी नव्या होतात व ७५व्या वर्षी हे प्रमाण ०.४५ टक्क्यांवर येते. क्षमता आहे, पण झटक्यापुढे अपुरी. २०११ साली डॅलसमधील पोरेल्लो, ओल्सन व सादेक यांनी एक दिवसाच्या उंदराचे हृदय कापल्यास ते तीन आठवड्यांत भरून येते, मात्र सातव्या दिवसापर्यंत ही शक्ती संपलेली असते, हे दाखवले. सादेक यांच्या गटाने २०१४ साली कारणाकडे बोट दाखवले : जन्मानंतर ऑक्सिजन व तंतुकणिकांचे काम वाढते, डीएनएला इजा होते आणि पेशी विभाजन थांबवते. २०१७ साली प्रौढ उंदरांना हळूहळू ७ टक्के ऑक्सिजनवर ठेवले, तेव्हा त्यांच्या स्नायूपेशी पुन्हा विभागू लागल्या.

हीट शॉक प्रथिने वाढवली म्हणजे हित झाले, असे मात्र समजू नये. अल्फा-बी क्रिस्टॅलिन या लहान हीट शॉक प्रथिनात १२०व्या स्थानी एक अमिनो आम्ल बदलले की हृदयस्नायूचा आनुवंशिक रोग होतो, हे १९९८ साली एका फ्रेंच कुटुंबावरून कळले. युटा विद्यापीठात आयव्हर बेंजामिन व नमक्कल राजशेखरन यांनी २००७ साली या रोगाच्या उंदरांत पाहिले, की पेशी संरक्षणासाठी प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य इतके बनवते की तोच अतिरेक प्रथिनांचे गोळे होण्यास मदत करतो. बेंजामिन यांनीच याआधी १९९९ साली एचएसएफ-१ नसलेले उंदीर तयार केले होते. एचएसएफ-१ हा हीट शॉक जनुकांचा सर्वोच्च नियंत्रक आहे. त्याच २००७ साली सुझन लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की एचएसएफ-१ नसलेल्या उंदरांना कर्करोगाच्या गाठी कमी होतात, कारण कर्करोगाची पेशीही प्रथिनांचा वाढीव ताण सोसण्यासाठी हीच यंत्रणा वापरते. विभाजनाला मदत करणारा हात कोणत्या पेशीला मदत करतो, हे तोच ठरवत नाही.

सिएटलमध्ये मरी यांनी या सर्व धाग्यांना प्रत्यक्ष उपचाराच्या दिशेने वळवले. मृत स्नायूत सोडलेल्या नव्या हृदयपेशी पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येने मरतात, हे त्यांना माहीत होते आणि २००१ साली त्यांच्या गटाने पेशी सोडण्यापूर्वी त्यांना उष्णता देऊन हा मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणला. २००७ साली लाफ्लाम व मरी यांनी मानवी भ्रूणमूलपेशींपासून बनवलेल्या हृदयपेशींना एक दिवस आधी ४३ अंशांवर अर्धा तास ठेवले, त्यांना मृत्यू रोखणाऱ्या अनेक द्रव्यांच्या मिश्रणात घातले आणि उंदराच्या हृदयात सोडले. पेशी टिकल्या आणि हृदयाची पंपशक्ती खालावणे रोखले गेले. २०१४ साली मकाक माकडांच्या हृदयात अशा सुमारे १ अब्ज पेशी सोडल्या गेल्या. त्या यजमान हृदयाच्या विद्युत्प्रवाहाशी जोडल्या जाऊन त्याच्याच तालावर आकुंचन पावू लागल्या, परंतु पहिल्या काही आठवड्यांत माकडांच्या हृदयाची लय वारंवार बिघडली. २०१८च्या पुढच्या लेखात पंपशक्ती सुधारल्याची नोंद आहे आणि लय बिघडण्याची नोंदही आहे, त्यामुळे नव्या पेशी जगवण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी मागे पडून, जगलेल्या पेशींनी हृदयाचा ठोका न मोडता तेथे कसे वाढावे, हा प्रश्न या प्रयोगशाळांपुढे उभा आहे.